प्रयागबाईच्या नावाची पन्हाळ

नागपूरचा मे महिना ज्यानं काढला, त्याला वाळ्याच्या ताटीचं मोल सांगायला नको. ताटी दारात टांगायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं, की बाहेरची झळ आत येता येता गार होते. फक्त पाणी मारणारं कोणीतरी लागतं. नंदनवन वस्तीत रुपरावांच्या घरी ते कोणीतरी म्हणजे त्यांची बायको सुभद्रा. लग्न होऊन आली तशी तिची उन्हाळ्यातली प्रत्येक दुपार तांब्या हातात धरूनच गेली. सासूबाई प्रयागबाई आत खाटेवर पडल्या पडल्या, डोळे न उघडता सांगायच्या, "ताटी सुकली वं." स्वतः कधी तांब्या उचलला नाही, पण नाक मोठं तिखट होतं त्यांचं.

रुपराव गिरणीत फिटर. तोंड कमी चालायचं, हात जास्त. एका उन्हाळ्यात त्यांनी रॉकेलचा डबा कापून लांबट पन्हाळ केली आणि आसावर अशी टांगली की मागची बाजू जराशी जड. वर मडकं, त्यातून थेंब थेंब पाणी पन्हाळीत. भरली की ती आपोआप पुढं झुकायची, सारं पाणी ताटीवर ओतायची, आणि हलकी झाली की पुन्हा जागेवर.

सुभद्रा तांब्या घेऊन उभीच राहिली. "आता मी काय करू?"

"झोप," रुपराव म्हणाले.

आतून प्रयागबाई बोलल्या, "काहून वं, आज न सांगताच पाणी मारून राहिली?"

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा घडा दान करतात. रुपराव म्हणाले, "घडा तर सारेच देतात. बुढीच्या नावानं पन्हाळच देऊ." वस्तीतल्या शोभाताई नर्सबाईंच्या बाळंतघरात तशीच दुसरी करून टांगली. दान म्हटलं की नाव आलंच. देवळातल्या पंख्याच्या पात्यांनासुद्धा नाव सुटत नाही. पन्हाळीवर लाल रंगानं लिहिलं : कै. प्रयागबाई यांच्या स्मरणार्थ, अक्षय तृतीया १९६९.

काही वर्षांनी गिरणीतल्या कोणी तरी सांगितलं, हिचं पेटंट घ्या. रुपरावांच्या मनानं ते धरलं. पैशासाठी नव्हे. एवढं आयुष्य दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली, एका तरी वस्तूला आपलं नाव लागावं. नवराबायको दोघंही सीताबर्डीला कृष्णकांत वकिलांकडं गेले.

वकिलांनी सारं ऐकून विचारलं, "अर्जाच्या आधी कोणाला दाखवली तर नाही ना?"

"दाखवली?" रुपराव खुशीत होते. "दान केली जी. सारी वस्ती पाहून गेली."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "चारचौघांत वापरात आलेली वस्तू कायद्यानं नवी राहत नाही, रुपराव. पेटंट नव्यालाच."

येताना रुपराव सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालले. सुभद्रा म्हणाली, "पुण्य कराच्या आधी वकिलाले विचारा, असं कोन्या पोथीत लिहिलं हाय?" तरी ते हसले नाहीत.

खरं संकट पुढंच होतं. पत्र्याचे व्यापारी मनोहरराव यांनी तशीच पन्हाळ बनवून पेटंटचा अर्ज स्वतःच्या नावानं टाकला. शेजारचा टिनवाला धोंडबा येऊन सांगून गेला, "मले म्हणते, बनवली तर कोर्टात खेचीन. उद्या तुमच्या दारातली बी उतरवाले लावन, भाऊ." त्या दिवशी रुपराव ताटावरून तसेच उठले.

वकील मात्र हे ऐकून खुलले. "ज्या दानानं तुमचं पेटंट बुडवलं, तेच त्यांचंही बुडवेल. साक्षी आणा."

"साक्षीले काय तोटा," शोभाताई म्हणाल्या. "माझ्याकडं बाळंत झाल्या तेवढ्या साऱ्या."

आणि खरंच आल्या. वकिलांच्या कचेरीत बसायला जागा उरली नाही. प्रेमलतानं आपलं पोरगं पुढं ढकललं. "हा पहिलीत जाते. हा झाला तवा प्रयागबाईचं नाव लिहिलेली पन्हाळ होती तिथं. मी कळा देऊन राहिली होती, अन् ते बाई मस्त पाणी ओतून राहिली होती." कोणी सही केली, कोणी अंगठा दिला.

मनोहररावांचा अर्ज फेटाळला गेला. "आता पन्हाळ कोणीही बनवावी," वकील म्हणाले.

"अन् माझं नाव?"

वकिलांनी पुन्हा पेनाला टोपण लावलं. सुभद्रेला नवऱ्याकडं बघवेना.

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडावर दोघं धोंडबाच्या दुकानावरून जात होते. दारात पन्हाळींची चळत, आणि एकेकीवर लाल अक्षरं : कै. प्रयागबाई यांच्या स्मरणार्थ.

"धोंडबा, हे काय लिहिलं गा?"

"मले कुठं वाचता येते भाऊ? शोभाताईकडचा नमुना उतरवला, त्याच्यावर होतं ते बी उतरवलं. आता गिऱ्हाईक बिगर अक्षराची घेतच नाही. म्हणते, नकली हाय."

रुपरावांनी वरची पन्हाळ उचलली, खांद्यावरच्या पंच्यानं आईच्या नावावरची धूळ पुसली आणि कितीक महिन्यांनी मोकळे हसले. "राहू दे," म्हणाले, "बुढीचं नाव हाय, म्हंजे माझंच हाय."

"जल्मभर तांब्या उचलला नाही सासूबाईनं," सुभद्रा म्हणाली. "आता पुऱ्या नागपूरले पाणी मारून राहिल्या."

घरी येऊन तिनं सासूच्या फोटोला हात जोडले, मनापासून. मग पदर तोंडावर घेतला आणि ताटीच्या गारव्यात आडवी झाली.