आधी तारीख, मग पुस्तक

माझं पुस्तक छापून आलं तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली. नांदेडला मी मुलाकडे असते. जेवण करून जरा अंग टाकावं, तर दारात कुणीतरी पिशवी घेऊन उभं. पिशवीत कविता असतात. कधी कादंबरी असते. एकदा एक निवृत्त साहेब स्वतःचं चरित्र घेऊन आले आणि चष्मा घरी विसरून आले. मग म्हणाले, "आक्का, तुम्हीच मोठ्यानं वाचा, मी ऐकतो." मी वाचलं. त्यांना ते फार आवडलं.

मी चौथी शिकलेली बाई आहे. कंधार तालुक्यातल्या एका गावात संसार केला. मुलं मार्गी लागली, सासू-सासरे गेले, हाताला रिकामपण आलं, तेव्हा त्या गावाबद्दल लिहायला बसले. आधी इथल्या पेपरच्या रविवारच्या पानात तुकडे आले, मग एका लहानशा प्रकाशकानं पुस्तक केलं. लोकांनी ते वाचलं. एवढ्यावरून सगळ्यांना वाटतं की माझ्याजवळ काही गुपित आहे आणि मी ते चहाबरोबर देते.

जे आहे ते मी येईल त्याला सांगते. कुणी ऐकत नाही. मी पहिल्यांदा विचारते, "तुम्ही वाचता काय?" उत्तर ठरलेलं. "वेळ कुठं मिळतो आजी, सगळा वेळ लिहिण्यातच जातो." दुसऱ्याच्या घरचं कधी खाल्लं नाही तर आपल्या भाजीत काय कमी आहे ते कसं कळणार, असं मी म्हणते. ते हसतात आणि पुढची कविता काढतात.

दुसरं सांगते ते छापण्याचं. जो तुमच्याकडूनच पैसे मागतो तो प्रकाशक नाही, छापखाना आहे. छापखान्याचं वाईट काही नाही, पण मग पुस्तक विकायचं कुणी, ते आधी विचारा. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी विचारलं नाही. त्यांचे गठ्ठे अजून कॉटखाली आहेत. गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की आहेरात एक प्रत येते, आणि नवरा-नवरी ती भांड्यांच्या खोक्यात भरून नेतात. दिवाळी अंकाला काही पाठवायचं तर पावसाळ्याच्या आधी पाठवा, दसऱ्याला पाठवून दिवाळीत छापा म्हणू नका. एक लेख एकाच वेळी चार ठिकाणी टाकू नका. आणि लिहिलं की महिनाभर त्याच्याकडे बघू नका. हे शेवटचं तर कुणालाच पटत नाही. त्यांची शाई वाळलेली नसते आणि ते माझ्या दारात असतात.

माझी स्वतःची एक रीत आहे, ती फुकट सांगते. मी लिहिलेलं सुनेला आणि शेजारणीला मोठ्यानं वाचून दाखवते, पण त्यांच्या हाताला काम असलं पाहिजे. तूर निवडत असतील, लसूण सोलत असतील, काहीही. त्या तोंडानं काय म्हणतात ते मी मोजत नाही. तोंड "छान हाय" असंच म्हणतं. मी हात बघते. हात थांबले की तो मजकूर ठेवायचा. हात चालू राहिले की परत लिहायचा. आणि कुणी गॅस बघायला उठलं तर फाडायचा. माझ्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण गॅसमुळे गेलं. सून म्हणते दूध खरंच उतू जात होतं. असेल.

हे सगळं माझ्या भाचीला माहीत होतं. ती लातूरला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. माझं पुस्तक आलं तेव्हा तिनंच सगळ्या शाळेत वाचून दाखवलं होतं. तरी तिनं काय करावं? एक दिवस फोन केला, "मावशी, पत्रिका टाकलीय व्हॉट्सअ‍ॅपवर, बघ."

मला वाटलं कुणाचं लग्न आहे. पत्रिका तशीच होती, वर गणपती, खाली वेलबुट्टी. बहिणीला पंच्याहत्तर पूर्ण होणार, त्याच दिवशी भाचीनं आईवर लिहिलेल्या पुस्तकाचं प्रकाशन. हॉल ठरलेला. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, त्याखाली 'विशेष उपस्थिती' म्हणून नावांची रांग.

"पुस्तक कुठंय?" मी विचारलं.

"ते प्रेसला जायचंय मावशी. एकदा तू नजर घाल ना. चार-पाच दिवसांत परत दे."

आमच्याकडची ही रीतच आहे. आधी हॉल, मग पाहुणे, मग पत्रिका, आणि सगळं झाल्यावर पुस्तक. तिथी काढून मांडव घालायचा आणि मग पोरगी बघायला निघायचं. कितीतरी पुस्तकं मी अशी बघितली, तारखेच्या मागे धावत आलेली, धापा टाकणारी. शेवटची पानं तर अशी असतात की लिहिणाऱ्याला मागून कुणी ढकलतंय.

भाचीचं बाड आलं. आधी प्रस्तावना. मग दुसरी प्रस्तावना, कारण पहिली लिहिणाऱ्याला दुसरा चालत नव्हता, पण दुसऱ्यालाही वगळता येत नव्हतं. मग शुभेच्छा, प्रत्येकाच्या फोटोसह. मग भाचीचं मनोगत, त्यात सगळ्यांचे आभार. बहीण पुस्तकात येईपर्यंत माझा चहा निवला. आणि आली ती कशी? 'माझी आई म्हणजे वात्सल्याचा अखंड झरा. ती चंदनासारखी झिजली, समईसारखी तेवली.' पुढे पानामागून पान तेच. झरा, चंदन, समई, मग परत झरा.

आता माझी बहीण कोण, ते सांगते. मेहुण्यांची तब्येत कायमची बिघडली तेव्हा तिनं लातूरला मेस काढली. क्लासेससाठी सगळ्या मराठवाड्यातून पोरं येतात, त्यांना दोन वेळ जेवायला लागतं. तिनं अर्धं आयुष्य त्या पोरांना जेवू घातलं आणि शिव्या घातल्या. परीक्षा जवळ आली की एकेकाचा मोबाईल काढून घ्यायची आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरायची. पेपर झाल्याशिवाय परत नाही. डब्यात घंटी वाजायची, पीठ थरथरायचं, आणि ही भाकरी थापत राहायची. हिमायतनगरकडचा एक बाप आला होता, पोराला कमी मार्क पडले म्हणून ताटावरच मारायला उठला. हिनं उलथनं उगारलं आणि म्हणाली, "जेवायच्या जागी मारामारी न्हाई. बसा, जेवा, मंग भाईर नेऊन मारा." बाप जेवला. जेवल्यावर त्याला मारायचा आळस आला.

ही बाई पुस्तकात कुठेच नव्हती.

मी दुसऱ्या दिवशीच एसटीनं लातूरला गेले. बहिणीच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही, माणूस आणि मोठं चित्र तेवढं दिसतं. मी गेले तर ती बसून चिंचोके काढत होती आणि फोन कानाला लावून मेसच्या कुठल्यातरी जुन्या पोराला सांगत होती, "माझ्यावर पुस्तक येऊन राहिलंय बाबा. समदं लिवलंय म्हणं पोरीनं. तूबी असशील त्यात, यायचं बग." पोरगा आता डॉक्टर आहे. फोन ठेवून मला म्हणाली, "आक्का, लोकायला बोलावून राहिले मी, पर मलाच ठावं न्हाई आत काय हाय. ती वाचूनच दाखवीना. म्हणती त्या दिवशी ऐक."

मी भाचीला म्हटलं, वाच. आत्ता वाच, इथं बसून.

"मावशी, सरप्राईज आहे ते."

"पंच्याहत्तरीच्या माणसाला सरप्राईज देऊ नये. वाच."

तिनं वाचलं. आवाज चांगला आहे तिचा, शाळेत कमावलेला. मी बहिणीच्या हातांकडे बघत होते. चिंच उचलायची, फोडायची, चिंचोका एका बाजूला, गर एका बाजूला. हात एकदाही थांबले नाहीत. झरा गेला, चंदन गेलं. समई आली तेव्हा तिनं सुपातली खराब चिंच शोधून फेकून दिली.

मग विचारलं, "ही कोण हाय गं?"

"आई, तूच की."

"मी कवा झिजले? जरा बग माझ्याकडं. दारातून आडवी जावं लागतंय मला."

भाची हसली नाही. म्हणाली, "असं लिहितात आई. भावना असते ती."

"मोबाईलचं कुठंय?"

"ते बरं दिसत नाही. मोठमोठे लोक येणार आहेत."

"ते मोठे लोक माझ्या मेसमधे जेवले व्हते का?" बहिणीनं पुढची चिंच फोडली. "बाई, तुला जे छापायचं ते छाप. पर ह्या झऱ्याच्या नावानं मला हार घालू नको. हे पुस्तक आलं तर मी हालमधे येणार न्हाई. ती पोरं येतील, त्यायला वाटंल मी मेले का काय अन् दुसरीच बाई बसवली."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडणाऱ्या लेखकांचा कंटाळा आहे. मी म्हटलं, कार्यक्रम रद्द कर, एक वर्ष बस आणि नीट लिही. ती माझ्यावरच उसळली. "तुला काय होतं म्हणायला? पत्रिका वाटल्यात. सासरचे येणारेत. अध्यक्षांनी दुसरा कार्यक्रम सोडलाय. शाळेत मी तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, तोंड दाखव किंवा पुस्तक दाखव, दोन्ही जमणार नाही. असं आमचं अंधार पडेपर्यंत चाललं. बहीण मधेच उठून खिचडी टाकून आली.

तोड काढली ती छापखान्याच्या माणसानं. भाचीनं त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन कशाला? कव्हर छापून तयार हाय. आतमधे दुसरं कायबी घालून देतो. निम्मे कार्यक्रम असेच व्हतेत." मला ते खोटं वाटलं आणि मी तसं बोलले. भाचीनं ऐकलं नाही. पण तिनं एक केलं. आतला मजकूर पाठवणार नाही असं त्याला सांगितलं आणि ते सगळं बाड माझ्या समोर कपाटात टाकलं. तेवढ्यावर मी गप्प बसले.

कार्यक्रम झाला. झरा कपाटात गेला म्हणून बहीण आली, ती आणि मी पहिल्या रांगेत. स्टेजवर पाहुण्यांनी चमकीचा कागद फाडला आणि सगळ्यांनी पुस्तक छातीशी धरून फोटो काढला. कव्हर बहिणीच्या फोटोचं, आत क्लासच्या पोरांची फिजिक्सची गाईड. छापखान्यात तीच पडून होती. प्रमुख पाहुणे बोलायला उठले. गाईड हातात धरून म्हणाले, "हे पुस्तक मी एका बैठकीत वाचून काढलं. पानापानावर आई भेटते." टाळ्या पडल्या. भाची खाली मान घालून बसली होती. तिची मान तशी खाली गेलेली बघून मला तिच्याबद्दल जरा आशा वाटली.

मागे बसलेली मेसची पोरं मात्र टाळ्या वाजवत नव्हती. आता पोरं कसली, टकलं पडलीत. एकानं उठून विचारलं, "काकूचा पिठाचा डबा हाय का सर पुस्तकात?" पाहुणे म्हणाले, "सगळं आहे, अवश्य वाचा."

सत्कारात बहिणीच्या हातात प्रत दिली. तिनं ती उघडली, डोळ्यांजवळ नेली, पानं उलटली.

"आक्का," ती माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यात बल्ब काढलेत."

"गप बस."

"बल्ब हाय, तार हाय. झरा न्हाई कुठं." तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि हार घालून घेतला.

यावर भाचीला किती लोकांनी कळवलं असेल की पुस्तक वाचलं, डोळ्यांत पाणी आलं, ते मी सांगत नाही. माझ्या मुलाच्या ओळखीच्या एकानं तर परीक्षण लिहून एका अंकाला पाठवलं.

त्यानंतर भाची दर रविवारी आईसमोर बसून वाचते. मला व्हिडिओ कॉल लावते आणि फोन अशा ठिकाणी ठेवते की मला बहिणीचे हात दिसावेत. पहिले बरेच रविवार हात चालूच होते. भाची चिडायची, मीही चिडायचे, बहीण शेंगा फोडत राहायची. प्रस्तावना दोन्ही गेल्या, शुभेच्छा गेल्या. देणारे रागावले आहेत, रागावू देत.

गेल्या रविवारी तिनं पिठाच्या डब्याचं वाचलं. साधं लिहिलं होतं. कोण पोरगा, कुठला, कुणाच्या फोनची वाट बघत होता, आणि डबा वाजला तेव्हा पंगतीतल्या सगळ्यांनी खाली ताटाकडे कसं बघितलं. बहिणीच्या हातात मेथीची जुडी होती. तिचे हात थांबले. पान संपेपर्यंत थांबले.

मग ती म्हणाली, "झाकण घट्ट बसायचं न्हाई, वर वरवंटा ठिवायचे मी. ते घाल." आणि परत मेथी निवडायला लागली.

भाचीनं ते लिहून घेतलं. फोन तोंडासमोर धरला. चेहरा फुललेला.

"मावशी, जमलं ना? मग हॉलवाल्याला विचारून ठेवू का? उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत."

मी फोन बंद केला.