बिल्ला काढून ये

माझ्या डोळ्यांदेखत तिने देव धुतले.

सिंगापूर, सेम्बावांगमधला कॉन्डो, अकरावा मजला, स्वयंपाकघरातलं सिंक. आदल्या दिवशी मीच एकेक मूर्ती जुन्या मलमलीत गुंडाळून खोक्यात ठेवली होती. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दोन टाक, छोटी घंटा. आज तिने चिकटपट्टी फाडली, खोका उघडला, देव बाहेर काढून नळाखाली धरले. माझ्या हातची मलमल कचऱ्याच्या पिशवीत टाकली. नवा रुमाल आणून सगळं पुन्हा बांधलं. मी पुस्तकांचा खोका दोन्ही हातांवर घेऊन तिथेच उभी होते.

"राग मानू नकोस हं," ती म्हणाली. हसत म्हणाली. "आमच्याकडे सोवळ्याओवळ्याचं जरा असतं. काल मला माहीत नव्हतं ना. तुमच्या लोकांचं बरं आहे, कुणी डोक्यावरून हात फिरवला की झालात ख्रिश्चन. आम्हाला नाही गं तसं करता येत."

माझी जोडीदार सिस्टर तुआला शेजारीच कपबशा बांधत होती. ती सामोआ बेटांवरची. तिला मराठी कुठून येणार? तिने इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"देवांना धूळ लागली होती म्हणाल्या," मी सांगितलं.

आणि मग आम्ही आणखी दोन तास त्या बाईचं सामान बांधलं. फुकट. तिचे काचेचे पेले मी कागदात गुंडाळले, एकही फुटू दिला नाही. हे लिहिताना आजही स्वतःची चीड येते.

दोन दिवसांत बदललं काय, ते सांगते. मी मॉर्मन मिशनरी आहे. घरदार सोडून दीड वर्ष सेवा करायची, तीही ते पाठवतील तिथे. मला पाठवलं सिंगापूरला. आमच्यात मिशनरी एकटी फिरत नाही, कायम जोडीने. आणि छातीवर काळा बिल्ला. त्यावर सिस्टर आणि पुढे आडनाव. फक्त आडनाव. पहिलं नाव दीड वर्षासाठी पुसलंच जातं. सिस्टर तुआलाला त्यात काही वाटत नाही. अमेरिकेच्या पोरींनाही नाही. पण मराठी माणसासमोर आडनाव छातीवर लावून उभं राहणं काय असतं, ते मला विचारा. माणूस आधी बिल्ला वाचतो, मग चेहरा. मग त्याचे डोळे बदलतात.

या बाईची ओळख झाली सोमवारी. सोमवार आमचा कपडे धुण्याचा, घरी फोन करण्याचा दिवस. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, बसून मी आईशी बोलत होते. अंगात टी-शर्ट, बिल्ला नाही. ती ताट घेऊन थेट टेबलाशी आली. "अगं, मराठी! पुण्याची का? किती शुद्ध बोलतेस!" मी काकू म्हटलं तर म्हणाली, "काकू काय गं, ताई म्हण." बँकेत मोठ्या जागेवर, पीआर म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना मिळालेली, स्वतःचं घर घेतलेलं. तिथे शिफ्ट व्हायचं होतं आणि हाताखाली कुणी नव्हतं. लोकांच्या घरी मदतीला जाणं हे आमचं कामच आहे. मी लगेच हो म्हटलं. तिने नाव विचारलं. मी पहिलं नाव सांगितलं आणि आडनाव गिळलं.

ती चूक माझी. सवयीने झाली. शाळेत, कॉलेजात, मोबाइलच्या दुकानात नोकरी करताना, सगळीकडे मी हेच करत आले.

पहिल्या दिवशी आम्ही कामाच्या कपड्यांत गेलो. तेव्हा मी तिच्यासाठी 'बाळ' होते. आपलं माणूस होते. तिने स्वतः थालीपीठ करून वाढलं, वर लोणी घातलं. "हात धुतलेस ना? मग देव तूच गुंडाळ, माझी पाठ धरलीय." दुसऱ्या दिवशी आम्ही फुकट शिकवतो त्या इंग्रजीच्या वर्गावरून परस्पर गेलो. स्कर्ट, ब्लाउज, बिल्ला. तिने दार उघडलं, वाचलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्हाला कामाला लावलं आणि देवांचा खोका उघडला.

खरं तर इथे येऊन मला पहिल्यांदा सुख मिळालं होतं. तेही सांगितलंच पाहिजे. आमच्या घरात बुद्धवंदना होते. मी या चर्चमध्ये जायला लागले तेव्हा पप्पा दोन महिने बोलले नाहीत. "आपल्याला माणूस करणारा धम्म घरात असताना तुला बाहेर काय पाहिजे?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण मी सोळा वर्षांची असताना त्या चर्चमध्ये मला सांगितलं, पुढच्या रविवारी तू बोल. तिथे पगारी पुजारी नाही, आळीपाळीने सगळेच उभे राहतात. मी दहा मिनिटं बोलले आणि म्हातारी माणसं खाली बसून ऐकत होती. कुणी तांदळाचं आमिष दाखवलं नाही. कुणी डोक्यावरून हात फिरवला नाही. मी माझ्या पायांनी गेले.

आणि आंग मो किओमधली ती चिनी आँटी. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. गुडघे गेलेत. दर गुरुवारी आम्ही तिची फरशी पुसतो. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "चर्च आय डोन्ट वॉन्ट लाह. बट यू कम थर्सडे, ओके?" बायबल नको, प्रार्थना नको, फक्त गुरुवार हवा. काम झालं की आम्हाला खुर्चीवर बसवते, संत्रं सोलते आणि एकेक फोड आमच्या तळहातावर ठेवते. बोटं बोटांना लागतात. तिला त्याचं काहीच नाही. तिथून निघालं की मी लिफ्टची वाट न बघता नऊ मजले जिना उतरते, इतकी खूश असते. आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत, आणि आपल्या मर्जीने आहोत. घासायची फरशी तीच असते. फरक किती पडतो!

त्या बाईने देव धुतले आणि माझं हे सुखच नासलं. गुरुवारी फरशी पुसतानाही डोक्यात येऊ लागलं, मी सेवा करतेय की माझी आजी लोकांच्या घरी राबायची तेच करतेय?

दर शुक्रवारी दोघी जोडीदारांनी समोरासमोर बसायचं, एकमेकींबद्दल मनात असेल ते बोलून टाकायचं, असा आमच्यात नियम आहे. एरवी आम्ही टूथपेस्ट आणि अलार्मवरून बोलायचो. त्या शुक्रवारी सिस्टर तुआला म्हणाली, "त्या बाई खूप बोलल्या. तू एकच वाक्य सांगितलंस. तू मला खोटं सांगितलंस."

मग सगळं सांगितलं. जात म्हणजे काय ते इंग्रजीत सांगता सांगता माझी फे फे उडाली. तिने फक्त एवढंच विचारलं, "तू हात लावलास म्हणून देव धुतले?" हो म्हटलं. ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा चिडलेली होती, पण त्या बाईवर कमी आणि माझ्यावर जास्त. "तिने तुझा अपमान केला आणि तू माझ्याकडून तिला मदत करून घेतलीस. मला कळलं असतं तर मी एक कपही उचलला नसता. मला ठरवू तरी द्यायचं होतंस."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही, स्वतःवर. ती खरं बोलली म्हणून.

सोमवारी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं. परक्या मुलखात आहेस. चार महिने राहिलेत." आमचे मिशनप्रमुख अमेरिकन, भला माणूस. ते म्हणाले, प्रेमाने उत्तर द्या, त्यांना कदाचित कळलंही नसेल. कळलं नसेल! कळल्याशिवाय कुणी खोका उघडतं? सगळ्यांना मी शांत झालेली हवी होते. मी गोड हसून पुढच्या दाराशी गेले की सगळ्यांचं सगळं ठीक.

तीन आठवड्यांनी त्या बाईचा मेसेज आला. नव्या घराची वास्तुशांत आहे. पन्नास माणसं जेवायला, आवरायला हात कमी. "तुझ्या त्या मैत्रिणीलाही आण, कामाची आहे. फक्त बिल्ला काढून ये. लोक उगाच विचारतात."

मी तो मेसेज सिस्टर तुआलाला शब्दन् शब्द वाचून दाखवला, इंग्रजीत. या वेळी काही गाळलं नाही. ती म्हणाली, "तू ठरव." मी म्हटलं, जायचं.

आम्ही बिल्ले लावून गेलो. दारात रांगोळी, आत पैठण्या, केळीच्या पानांचा वास. बाई लगबगीने पुढे आली आणि आवाज खाली आणून मराठीत म्हणाली, "अगं, काढ म्हटलं होतं ना! मागच्या बाजूने ये, भांडी तिकडेच ठेवलीत. आणि देवघराच्या खोलीत तेवढी जाऊ नकोस."

"काय म्हणाल्या?" सिस्टर तुआलाने विचारलं.

मी भाषांतर केलं. खणखणीत इंग्रजीत, दिवाणखान्याला ऐकू जाईल असं. बिल्ला काढा म्हणाल्या. मागून या म्हणाल्या. भांडी घासा, पण देवांच्या खोलीत जाऊ नका म्हणाल्या. आणि त्या दिवशी धुळीचं मी खोटं सांगितलं होतं. मी हात लावला म्हणून त्यांनी देव धुतले होते, माझं आडनाव वाचून.

एकाने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. बाईची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सरबताचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ममी, यू रिअली सेड दॅट आह?"

"मिसअंडरस्टँडिंग झालंय," बाई इंग्रजीत सगळ्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून दात-ओठ खात मराठीत, "घरी बोलावलं, जेवू घातलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

मी तेही भाषांतर केलं. मग म्हटलं, "थालीपीठ चांगलं होतं. भांडी तुमची तुम्ही घासा." आम्ही पुढच्याच दाराने बाहेर पडलो. कुणीही मागून आलं नाही. ती मुलगीही नाही. कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही, कुणी माफी मागितली नाही.

चार दिवसांनी मिशनप्रमुखांचा फोन आला. बाईने तक्रार केली होती. ते म्हणाले, तुमची दुसऱ्या भागात बदली करतो, जिथे तुमच्याकडचे लोक नाहीत. तुम्हाला सोपं जाईल. मी म्हटलं, नको. मला सोपं नकोय. इथे वर्गाला येणारी माणसं माझी आहेत, गुरुवार माझा आहे. त्या बाईसाठी मी यातलं काहीच सोडणार नाही. बदली करायचीच असेल तर कारण कागदावर लिहून द्या, आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहा. बदली झाली नाही.

चार महिने आता तीनवर आलेत. मी फरशा पुसेन, सामान बांधेन, वर्ग घेईन, ज्याच्याकडे जावंसं वाटेल त्याच्याकडे. कुणी आडनाव विचारायच्या आधी मीच ते मोठ्याने सांगेन. दार उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. पण कुणी माझा अपमान केला, तर मी तो गोड करून कुणालाही सांगणार नाही. आईला नाही, चर्चला नाही, स्वतःला तर नाहीच.