पटापेक्षा जास्त हजर

“पट बावीस म्हणालात ना, गुरुजी? मग आत ही जत्रा कोणाची?”

विस्तार अधिकारी साहेबांनी वर्गाच्या दारातच मला हे विचारलं. मी आत डोकावलो. वर्गात बूड टेकायला जागा नव्हती. खिडकीत दोन पोरं, टेबलाखाली एक. निम्म्यांच्या गळ्यात लाल टाय. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत टाय फक्त गॅदरिंगच्या नाटकात वकील झालेला पोरगा घालतो, आणि तोही उसना आणलेला असतो.

दहा मिनिटांपूर्वी ऑफिसात चहा पाजताना मीच साहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं, “सगळी हजर आहेत साहेब. बावीसच्या बावीस.” ते खरंही होतं. मी स्वतः मोजून आलो होतो.

मोताळा तालुक्यात, धामणगाव बढेपासून आत एका लहान गावात माझी शाळा आहे. पहिली ते चौथी. मी मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे दोन शिक्षकांपैकी जो जुना तो. दुसऱ्या गवई मॅडम. आणि त्या शनिवारी खरा प्रश्न गवई मॅडमचाच होता.

बाहेरच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे, हे सरकार दरवर्षी लेकरं मोजून ठरवतं. त्याला संचमान्यता म्हणतात. आमच्यासारख्या शाळेचा पट विसापर्यंत घसरला की दुसरी कायम जागा धोक्यात येते. मग त्या जागेवरचा माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. माणूस चांगला धडधाकट समोर बसलेला असतो, शिकवत असतो, पण कागदावर तो जास्तीचा असतो. त्याला उचलून जिल्ह्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे टाकतात.

गवई मॅडमने आधीची बरीच वर्षं जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याला काढली होती. नवरा मोताळ्यात, लेक सासूजवळ, आणि मॅडम रविवारी पाहुण्यासारख्या घरी. आता कुठे त्या रोज घरी जाऊ लागल्या होत्या. पुन्हा तिकडे पाठवलं तर काय, हे त्या बोलत नव्हत्या, पण त्या आठवड्यात त्यांनी तीनदा मला एकच हजेरी मोजून दाखवली होती. मला मनापासून वाईट वाटत होतं. शिवाय चारही वर्ग एकट्याच्या गळ्यात पडणार, ही भीती होतीच. खोटं कशाला बोलू?

आता बावीस पट म्हणजे गावात लेकरंच नाहीत असं नाही. लेकरं आहेत, पण ती सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. त्यातही एक गंमत आहे. गाडीत बहुतेक पोरं असतात आणि आमच्याकडे बहुतेक पोरी. एकाच घरातला भाऊ गाडीत आणि बहीण आमच्याकडे. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष प्रल्हादभाऊ यांचंही तसंच. समितीचा अध्यक्ष शाळेतल्या लेकराचा पालक असावा लागतो. प्रल्हादभाऊंची वैष्णवी आमच्याकडे चौथीत होती, म्हणून ते अध्यक्ष. त्यांचा विराज पहिली आमच्याकडे करून जूनमध्ये टाय लावून गाडीत चढला.

साहेब शनिवारी पडताळणीला येणार, असा केंद्रप्रमुखांचा फोन आला. पडताळणीचा नियम साधा असतो, जे लेकरू साहेबांना दिसेल ते खरं. आणि नेमका त्याच शनिवारी गावातल्या मोठ्या भावकीत मेहकरकडे साखरपुडा. सकाळीच जीपा निघणार. लेकरं जीपमध्ये बसली की आमचा पट गेला.

मी प्रल्हादभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसलो.

“भाऊ, लेकरं थांबवा. नाहीतर मॅडम जातील.”

“अशा कशा जातीन? सर, तुमी बिलकुल टेन्शन घेऊ नका. लेकरं कमी पडू देत नाही आपण.”

आता मला वाटलं, भाऊ भावकीला समजावतील. पण आमच्याकडे माणूस ‘कमी पडू देत नाही’ म्हणाला की त्याच्या डोक्यात वेगळंच काहीतरी असतं. पोरगी पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर शेजाऱ्याची म्हैस आपल्या गोठ्यात, चुलतभावाचा ट्रॅक्टर आपल्या दारात आणि मामाच्या घरचा सोफा आपल्या ओसरीत, ही आमची रीत. कोणी याला फसवणूक म्हणत नाही. याला म्हणतात घराची इज्जत राखणं. ही रीत माहीत असूनही मला त्या संध्याकाळी आठवली नाही.

इकडे बायांनी परस्पर ठरवून टाकलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, मॅडमचं त्यांना पोरींकडून कळलं होतं. त्यांनी साखरपुड्याला जाताना लेकरंच मागे ठेवली. एक आई सकाळी लेकीला फाटकात सोडताना मला म्हणाली, “जिलबी सोडून आली हो पोट्टी. रात्रभर रडली. पण मॅडमले जाऊ देऊ नका.” हे ऐकून मला भरून आलं. बावीस लेकरं हजर होती. मी साहेबांना चहा पाजायला घेऊन गेलो.

आणि आम्ही चहा पीत असताना मागच्या दारानं प्रल्हादभाऊंनी पिवळी गाडी रिकामी केली. गाडी त्यांच्या मेहुण्याची. तो तीन गावांची पोरं भरून चालला होता, भाऊंनी त्याला रस्त्यातच वळवला. बायांनी लेकरं ठेवलीत हे भाऊंना माहीत नव्हतं. भाऊंनी गाडी वळवली हे बायांना माहीत नव्हतं. आणि मुख्याध्यापकाला तर काहीच माहीत नव्हतं.

“गुरुजी,” साहेब चष्मा पुसत म्हणाले, “माझ्या नोकरीत कमी हजर खूप पाहिले. पटापेक्षा जास्त हजर आज पहिल्यांदा पाहतोय.”

भाऊ पुढे सरसावले. “साहेब, लेकरायले शिक्षणाची लय आवड हाय आमच्या गावात.”

“दिसतंय ना. कोण कोण बाहेरच्या शाळेतलं आहे? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. टायवाल्यांना भाऊंनी पढवून ठेवलं होतं. साहेबांनी एका टायवाल्याला विचारलं, “शाळेचं नाव काय?” त्यानं भिंतीवरचं जिल्हा परिषद वाचायला सुरुवात केली आणि ‘प’पाशी अडकला.

मी म्हणालो, “साहेब, मी माझी बावीस वेगळी काढून दाखवतो.”

“तुम्ही कशाला? ज्या गावाला इतकी लेकरं उसनी आणता येतात, त्यांची बावीस तरी खरी कशावरून? तीही शेजारच्या गावाची असतील. मी शेरा मारतो, पट संशयास्पद.”

म्हणजे खरी बावीस लेकरं समोर बसलेली असताना खोट्यांच्या गर्दीत ती पण खोटी ठरत होती. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला पाहवेना. भाऊंच्या नरडीला हात घालावा असं मला वाटलं. मी घातला नाही, कारण ते अध्यक्ष होते.

साहेबांनी शेरा लिहायला पेन काढला आणि तेवढ्यात वासानं ते थांबले. बाहेर खिचडी तयार होत होती.

“सुट्टी किती वाजता?”

“अजून वेळ आहे साहेब.”

“आत्ता द्या. घंटा वाजवा. कोणी काही बोलायचं नाही.”

मी रुळाच्या तुकड्यावर घंटा दिली. आमची लेकरं उठली. नळावर रांग लागली, हात धुतले आणि मग सगळी व्हरांड्यातल्या मांडणीकडे गेली. तिथे ताटं उभी असतात. पहिलीच्या पोरांना नाव वाचता येत नाही, म्हणून गवई मॅडमने प्रत्येक ताटावर मागून नेलपॉलिशनं एक चित्र काढलंय. कोणाचं पतंग, कोणाचं आंबा, कोणाचं छत्री. रंग उडाला की त्या पुन्हा काढतात. प्रत्येकानं न शोधता आपापलं ताट उचललं आणि आपल्या जागी मांडी घातली.

टायवाले तसेच उभे. दोघा-तिघांनी दप्तरातून डबे काढले. एकानं विचारलं, “गाडी कधी निघते?”

साहेब रांगेच्या मागून गेले. एका चिमुकलीसमोर वाकले. “हे ताट तुझंच कशावरून?”

तिनं ताट उलटं करून दाखवलं. “छत्री हाय ना.”

“बाजूच्याचं काय?”

“त्याचं कासव. त्याले घोडा पायजे होता, पण मॅडमले घोडा येत नाही.”

साहेब पहिल्यांदा हसले. मग त्यांनी ताटं मोजली आणि पुन्हा गंभीर झाले. “गुरुजी, तेवीस.”

मी पाहिलं. रांगेच्या शेवटी लाल टाय लावून, ताट मांडीवर घेऊन, विराज प्रल्हाद बसला होता.

साहेब त्याच्याकडे वळणार, तोच वैष्णवी उभी राहिली. “साहेब, हा माहा भाऊ हाय. हा इथचा नाही. हा गाडीतला हाय. मी इथची हाय.”

“मग याचं ताट इथे कसं?”

गवई मॅडम हळूच म्हणाल्या, “जूनमध्ये गेला साहेब. ताट काढून टाकायचं मन झालं नाही. बाकीच्यांबरोबर तेही धुवून ठेवतो.”

साहेबांनी ते ताट उलटं केलं. मागे इंजिन होतं, ताज्या रंगाचं.

“आणि हे कोणाचे चिरंजीव?”

सगळ्यांनी प्रल्हादभाऊंकडे पाहिलं. भाऊ छताकडे पाहत होते.

“अध्यक्षसाहेब,” साहेब म्हणाले, “पोरगी इथे, पोरगा तिथे. शिक्षणाची लय आवड आहे तुमच्या गावात.”

त्यांनी शेरा लिहिला, पट बावीस, हजर बावीस, खात्री केली. मग चटईवर बसून खिचडी मागितली. जाताना मॅडमला एवढंच म्हणाले, “घोडा शिकून घ्या.”

जागा टिकली. संचमान्यता आली त्यात दोन शिक्षक होते. मॅडमने तो कागद मोबाइलवर नवऱ्याला पाठवला आणि ऑफिसात बसून थोडा वेळ रडल्या. मी उगाचच कपाट आवरत राहिलो.

विराजनं सोमवारी गाडीत चढायला नकार दिला. मंगळवारी गाडीतून उडी मारून आमच्याकडे पळत आला. दोन-चार दिवस हॉर्न आणि रडणं चाललं. मग भाऊ ऑफिसात आले. “सर, हे पोट्टं ऐकूनच नाही राह्यलं. नाव घेऊन टाका तुमच्याकडं.”

मी घेतलं. पट तेवीस झाला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला वैष्णवी लाल टाय लावून आली. मी विचारलं, “हे काय गं?”

“विराजले आता लागत नाही. आन् मले कोणी घेऊन देल्ला नव्हता.”

ती चौथी पास होऊन जाईपर्यंत टाय लावूनच आली, आणि तिला कोणी काढायला सांगितलं नाही.

आता पडताळणीचा फोन आला की मी आधी प्रल्हादभाऊंच्या ओट्यावर जातो आणि हात जोडून एकच विनंती करतो, “भाऊ, यावेळी कृपा करून मदत करू नका.”