बायकोचे भावजी आणि पणजीचा सर्व्हर

जगात बिघडलेली प्रत्येक वस्तू माझ्या साडूची वाट पाहत असते, असा माझ्या बायकोचा ठाम विश्वास आहे. आणि ती बिघडवणारा हात माझाच असतो, हा दुसरा. साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, डिचोलीचा, खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा. हा गृहस्थ कुणाच्याही घरी गेला की चप्पल काढायच्या आधी विचारतो, "कितें मोडलां?" शिरगावच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते आणि हा मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवा बसून त्याचं ऐकून घेत होता. बरं, जनरेटर चांगला चालू होता! "आवाज जरा उदास वाटला," म्हणाला. त्यावर सगळ्या बायका कौतुकानं हसल्या. त्याच लग्नात मी तीन विनोद सांगितले होते, माझी बायको एकदाही हसली नव्हती.

तुयेच्या कारखान्यात मीही कॉम्प्युटरवालाच. आमचा मालाचा हिशेब पणजीच्या हेड ऑफिसातल्या सर्व्हरवर, आणि तो उघडायचं सॉफ्टवेअर आमच्या डिस्पॅचच्या मशीनवर. दसरा झाला आणि पडद्यावर एकच पाटी झळकू लागली : सर्व्हरनं प्रवेश नाकारला. मी मशीन अकरा वेळा बंद-चालू केलं, वायरींवर फुंकर मारली, टेलिफोनवाल्यांशी भांडलो. त्याच्या आधी तर सॉफ्टवेअरच गायब झालेलं. "व्हायरसनं खाल्लं," असं साहेबांना गंभीरपणे सांगून मी ते नव्यानं घातलं होतं; पाटी आली ती त्यानंतर. दोन दिवस गेटवर ट्रक उभे. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "दुपारपर्यंत चालू झालं नाही तर म्हापशाचा माणूस घेतोय. कायमचा." घरी फोन केला तर बायको म्हणाली, "भावजींना बोलवा नि मोकळे व्हा!"

स्कूटरवरून तासाभरात भावजी हजर. मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी कँटीनमध्ये पातळ भाजीत उंडो पाव बुडवून खाल्ला. मग येऊन पडद्यावरची पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचली, दोनदा. मी ती "ओके" दाबून कधीच पुरती वाचली नव्हती. "सर्व्हर आहे जाग्यावर. तो ह्या मशीनला ओळखत नाही," म्हणाला, आणि माझ्याऐवजी झाडूवाल्या मावशीला मशीनची पेटी दाखवून विचारलं, "मावशे, ही पेटी पयलीं हांगाच आसली?"

"ना रे पुता," मावशी म्हणाली, "ही टायपिस्ट बायेची. खंडेनवमीक ह्या सायबान सगळ्यो पेट्यो पुजेक एका रांगेन मांडल्यो, मागीर परत दवरतना बदल्ल्यो."

हा सायब म्हणजे मी. पूजेनंतर पेट्या परत जागेवर ठेवताना झालेली गफलत माझीच. पेट्या एकसारख्या पांढऱ्या, त्यावर एकसारखं हळदकुंकू. पणजीचा सर्व्हर आमच्या एकाच मशीनला आत घेतो, बाकीच्यांना नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या यादीत त्या मशीनचा नंबर लिहून घ्यायला मीच लावलं होतं! ते मशीन तीन दिवस टायपिस्टच्या टेबलावर पत्रं छापत होतं. पेट्यांची अदलाबदल केली, हिशेब उघडला, ट्रक सुटले. साहेब धावत आले. "काय झालं होतं?" मी डोळे मिटले. भावजी म्हणाला, "लायनीत खोट होती. यांनी बरोबर ओळखलं होतं, मी फक्त हात लावला."

नोकरी वाचली. पण आता याचा मत्सर तरी कसा करावा? गेटपाशी तो स्कूटर काढत असताना मीच चिडून म्हटलं, "भावजी, तुमचं बरं आहे. सगळ्यांना तुम्हीच हवे."

"कसलं रे," तो हेल्मेट पुसत म्हणाला. "मला मोडलं की बोलावतात. तुला उगाच बोलावतात. घरात माझी बायको सांगत असते, तुझ्या गप्पा-गजाली काय रंगतात म्हणून. मला नाही जमत ते."

तो गेला.

रविवारी मी त्याला फोन केला. पलीकडून लगेच, "कितें मोडलां?"

"काही नाही. बांगडे आणलेत. जेवायला या."

खरंच काही मोडलं नाही, याची त्यानं दोनदा खात्री करून घेतली. मग हळूच म्हणाला, "येतो. तरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच येतो हां."