नाव घालणारा अभिमन

सोनगीरच्या अभिमन तांबटाने आजवर हजारो भांड्यांवर लोकांची नावं घातली असतील, पण त्याच्या स्वतःच्या घरात नाव घातलेलं एकही भांडं नव्हतं. त्याची बायको ताईबाई यावरून त्याला टोचायची. लोकांची नावं घालतो आणि आपलं घालवतो, असं ती शेजारणींना सांगे. त्यात सायकलच्या शर्यतीचा राग अर्धाअधिक असायचा.

शर्यत दर सव्वीस जानेवारीला. किल्ल्याच्या पायथ्याशी निघायचं आणि आग्रा रोडने धुळं गाठायचं. बक्षीस एकच, पहिल्याला तांब्याची कळशी. ती कळशी अभिमनच घडवायचा, शर्यतीत स्वतः उतरायचा, आणि शेवटी दुसऱ्याच कुणाचं नाव तिच्यावर घालून द्यायचा. दहा वर्षं हेच चाललं होतं. सायकल काळी, जड, दूधवाल्याला शोभेल अशी. तिच्यावर बसून पहिला नंबर काढायचा, तर बाकीच्यांना वाटेत झोप लागायला हवी होती. त्याचा आजवरचा सगळ्यात चांगला नंबर सहावा.

मग जायचा कशाला? तर वर्षभर हातोडीने तांबं ठोकून ठोकून ती ठणठण त्याच्या डोक्यात कायमची येऊन बसली होती. जेवताना, झोपेत, देवळात हात जोडतानासुद्धा. थांबायची ती फक्त शर्यतीत, धुळ्याच्या अलीकडे नगावबारीच्या चढावर, छाती फुटायला आली की. भलेभले तिथे उतरून सायकल ढकलतात. अभिमनने दहा वर्षांत त्या चढावर एकदाही पाय टेकला नव्हता. माथा येईपर्यंत त्याचं डोकं शांत असायचं. एवढंच त्याचं बक्षीस, आणि ते कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं.

ब्याण्णव साली शर्यत भरवणाऱ्या मंडळाने त्याला घ्यायला नकार दिला. एव्हाना त्याचे कान जवळजवळ गेलेच होते. मागून ट्रक आला तर तुला कळणार कसं, असं त्यांनी पाटीवर लिहून विचारलं. त्यांचंही चुकत नव्हतं. अभिमन जायला उठला, तेवढ्यात पुखराज पुढे आला. भांड्यांचे व्यापारी भिकमचंद यांचा हा पंचविशीतला मुलगा, गिअरच्या सायकलवाला. गेल्या वर्षी दुसरा आलेला, आणि यंदाची कळशी त्याचीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं. मी भाऊंच्या मागे राहीन आणि गाडी आली की पाठीवर हात ठेवीन, असं तो म्हणाला. वडिलांनी त्याला वेड्यात काढलं. मंडळाने मात्र दोघांची नावं लिहून घेतली.

वाटेतलं देवभाने गाव मागे पडेपर्यंत तो हात कितीतरी वेळा पाठीवर आला. आला की अभिमन कडेला सरकायचा, आणि ट्रक धुरळा उडवत निघून जायचा. अभिमनला बरं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. ज्या पोराने आज सगळ्यांच्या पुढे असायचं, ते त्याच्या जड सायकलीमागे रखडत होतं.

बारीचा चढ लागला. पुढचे बरेचसे उतरून ढकलत होते. दीपनगरचा एक फिटर तेवढा अजून पायडल मारत वर चालला होता, आणि पुखराजने मनावर घेतलं असतं तर त्याला गाठणं अवघड नव्हतं. अभिमनने हाताने खूण केली, जा. पुखराजने मान हलवली. पुन्हा खूण, पुन्हा नकार. त्याच वेळी डोक्यातली ठणठण थांबली. वर्षभर ज्याची वाट पाहिली ती शांतता नुकती कुठे मिळाली होती.

अभिमनने ब्रेक दाबला आणि पाय टेकला.

पुखराज भांबावून थांबला, तेव्हा अभिमन त्याला म्हणाला, "आते मी उभा शे. उभा माणूसले हॉर्न कसाले लागस? जाय."

पुखराज गेला. अभिमनच्या डोक्यात ठणठण लगेच परत आली. तो सायकल ढकलत कडेकडेने चढला, आणि धुळ्यात पोचला तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलायला लागले होते. पुखराज एका चाकाने हरला होता. अभिमनने पिशवीतली छिन्नी काढली आणि दीपनगरच्या फिटरचं नाव कळशीवर घातलं. चढही गेला आणि पोराची कळशीही गेली, हाच विचार करत तो घरी परतला.

तिसऱ्या दिवशी पुखराज त्याच्या दुकानी आला. हातात तांब्याचा लोटा होता, अभिमननेच घडवून त्यांच्या पेढीवर दिलेला. सोबत चिठ्ठी, नाव घालायचं, अभिमन तांबट. अभिमनने ती दोनदा वाचली. मग भेटीचं भांडं म्हटल्यावर देणाऱ्याचंही नाव लागतं, तुझं कुठे घालू, असं त्याने विचारलं.

पुखराजने लोटा फिरवून त्याची दुसरी बाजू वर केली, आणि ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलला, "मन्हं नाव मांगला अंगले घाला, भाऊ. मी मांगेच व्हतू."

अभिमनने मान खाली घातली. बराच वेळ त्याला छिन्नी कुठे टेकवावी ते दिसेना. मग पाठीवर हात आला, आणि त्याने पहिला ठोका घातला.