कसलाच वास नसलेली गाडी

विंझर गावातल्या मेकॅनिकनं इलेक्ट्रिक गाडी कधी उघडलीच नव्हती. माझ्या गाडीचा हीटर लावला की असा कुबट वास यायचा, की बायकोनं तीत बसणंच सोडलेलं.

"असली गाडी उघडायची लई दिसांची इच्छा हुती, सायेब!" म्हणत तो डॅशबोर्डखाली शिरला. हवेच्या फिल्टरमधून उंदराचं घरटं निघालं, भाताच्या पेंढ्याचं. गाडी गावी गंजीला लागूनच उभी असते.

मी आणलेला नवा फिल्टर बसवून त्यानं काचा चढवल्या आणि भर दुपारी हीटर सोडला.

"कसलाच वास न्हाई!" तो ओरडला. "माजी हयात पेट्रोलच्या वासात गेली!"

मग चहावाला, एसटीची वाट बघणाऱ्या आजी, सगळ्यांना त्यानं आत बसवलं. घामाघूम होऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता, "आला का? न्हाई ना?"