गाडी थांबेपर्यंत

क्लाइव पर्किस आठवड्याचे पाच दिवस लंडनचा कचरा ओढतो आणि वर्षातले थोडे दिवस राजाचा नावाडी असतो. दोन्ही कामं तो सारख्याच चेहऱ्याने करतो. त्याची बायको जॅनेट म्हणते, "याच्या हातात मुकुट द्या नाहीतर सडका कोबी द्या, हा एकच विचारणार, कुठे पोचवायचंय?"

कचऱ्याचं काम वर्षभराचं. शहराचा कचरा मोठ्या लोखंडी पेट्यांत भरून सपाट बोटींवर चढतो. त्या बोटी ओढून नेणाऱ्या टगबोटीला बांधायच्या आणि भरती-ओहोटी सांभाळून थेम्सच्या मुखाकडे कचरा जाळायच्या भट्टीवर नेऊन सोडायच्या. टग चालवतो ओस्मान आणि दोरखंड क्लाइवच्या हाती. बोट धक्क्याजवळ आली की ती पुरती टेकायच्या आत क्लाइव उजव्या हातात दोर घेऊन धक्क्यावर पाय टाकतो आणि खुंट्याला वेढा मारतो. बोट थांबल्यावर उतरेन म्हणणारा माणूस नदीवर टिकत नाही, कारण तोवर बोट प्रवाहाबरोबर निघून गेलेली असते. हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं. लहानपणी एकदा उतरायला उशीर झाला तेव्हा बापाने ओल्या दोराचा फटका पोटरीवर दिला होता, आणि ते शिक्षण पायांनी अजून विसरलेलं नाही.

राजाचं काम अधूनमधून. राजाचे चोवीस नावाडी असतात आणि सगळे पोटासाठी नदीवरच राबणारे. बोलावणं आलं की लाल कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, लाल मोजे, छातीवर ताटलीएवढा चांदीचा बिल्ला. मानधन निव्वळ म्हणायला. राजा हल्ली नदीवर क्वचितच येतो, तेव्हा नावाडी कधी बागेत रांगेने उभे असतात, कधी घोडागाडीच्या मागे. यातलं शहाणपण कुणी विचारू नये. पूर्वी मुकुट होडीतून यायचा आणि त्याची राखण नावाड्यांकडे असायची. पुढे होडी गेली, गाडी आली, पण नावाड्यांना आता घरी जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून आजही पार्लमेंट उघडायच्या दिवशी राजाच्या पुढे मुकुट स्वतःच्या गाडीतून जातो आणि त्या गाडीवर नावाडी उभे असतात.

अठरा वर्षं क्लाइव बागेतल्या रांगेत आणि होड्यांवर राहिला. यंदा त्याला पहिल्यांदाच गाडी मिळाली आणि तीही मुकुटाची.

त्याचा बाप हॉरेस पर्किस हाही असाच नावाडी, तेव्हाच्या राणीचा. त्यालाही एकदा मुकुटाची गाडी मिळाली होती, पण नेमका त्याच आठवड्यात त्याचा गुडघा धरला आणि दुसरा कुणीतरी उभा राहिला. पुन्हा बोलावणं आलं नाही. पर्किसांच्या घरात 'गुडघा' म्हटलं की सगळे गप्प होतात. आता हॉरेस सत्याऐंशीचा आहे, ग्रेव्ह्‌सएंडच्या वृद्धाश्रमात चाकांच्या खुर्चीत असतो, आणि गेल्या हिवाळ्यात दोनदा जाता जाता राहिला. बापाला जिथे उभं राहता आलं नाही तिथे आपण उभं राहावं आणि ते त्याने जिवंतपणी टीव्हीवर पाहावं, एवढंच क्लाइवला हवं होतं. त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण जॅनेटला ठाऊक होतं.

तालीम भल्या पहाटे झाली, रस्ते रिकामे असताना. गाडीत मुकुटाऐवजी नुसती उशी होती. क्लाइव मागे उजव्या बाजूला उभा होता, उजव्या हातात धरायला विणलेला जाडसर पट्टा. सगळं नीट चाललं. गाडी पार्लमेंटच्या कमानीखाली आली, घोडे हळू झाले, चाकं शेवटचा अर्धा फेरा घेत होती आणि क्लाइव खाली उतरला. नुसता उतरला असता तरी एक वेळ चाललं असतं. दोन पावलं पुढे जाऊन त्याने हात गोल फिरवला आणि खुंटा शोधू लागला.

मागचा एक घोडा बुजला. एक शिपाई खोकल्याचं सोंग करून हसला.

राजाच्या तबेल्याचे अधिकारी मिस्टर चॅलनर सावकाश चालत आले. "मिस्टर पर्किस, कुठे निघालात?"

"पोचलो ना, साहेब."

"आपण पोचत होतो. पोचलो नव्हतो. गाडी पुरती थांबेपर्यंत तुम्ही त्या गाडीचा एक भाग आहात. चाक कधी आधी उतरतं का?"

"नाही, साहेब."

"सोमवारी पुन्हा तालीम आहे. मी आणखी एकाला बोलावून ठेवतोय. तुमचा पाय हलला तर तो उभा राहील."

बोट बुडायची वेळ आली होती तेव्हासुद्धा क्लाइव इतका घाबरला नव्हता.

त्या दिवसापासून त्याने थांबायचा सराव सुरू केला. लिफ्टचं दार उघडलं की मनात तीन आकडे मोजून बाहेर पडायचा. न्हाव्याने कापड झटकलं तरी खुर्चीत बसून राहायचा. सराव इतका मनावर घेतला की तो नको तिथे फळला. शुक्रवारी टग धक्क्याला येत होती, ओस्मानने बोट अलगद आणली, आणि क्लाइव दोर हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा.

"अरे उतर की!" ओस्मान ओरडला. "काय फोटो काढायचाय काय तुझा?"

तोवर बोटीचं तोंड फिरलं होतं. सपाट बोटीचा कोपरा धक्क्याच्या लाकडांवर घासत गेला आणि चढायची शिडी वाकली. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

धक्क्याची व्यवस्था बघणारी बेव्हर्ली पिवळं जाकीट चढवत खाली आली. ती बाई वाईट नाही, पण तिच्या शिड्या वाकवलेल्या तिला आवडत नाहीत.

"क्लाइव, तीस वर्षांत तुझ्या हातून पापुद्रा निघाला नाही माझ्या धक्क्याचा. काय झालंय तुला?"

खोटं बोलता येत नव्हतं म्हणून त्याने सगळं सांगितलं. बेव्हर्ली ऐकत राहिली. ओस्मानने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

"म्हणजे तू इथे उशिरा उतरतोस, कारण तिथे लवकर उतरलास."

"तसंच काहीसं."

"हे बघ, मला राजाशी वैर नाही. पण दोरावरचा माणूस झोपला तर कुणाचा तरी पाय जाईल. तुझी रजा मी अजून पक्की केलेली नाही. आणखी एकदा असं झालं तर दोर सोडायचा, वर वजनकाट्यावर बसून पेट्या मोजायच्या. आणि राजाला सांग की पर्किसला सुटी नाही."

"बरोबर आहे तुझं," क्लाइव म्हणाला. तिचं खरंच बरोबर होतं आणि त्यामुळे त्याला जास्त वाईट वाटलं.

घरी त्याने चहासुद्धा घेतला नाही. "दोन दगडांवर पाय ठेवलेत मी, जॅनेट," तो म्हणाला. "पाण्यावर उशीर केला तर नोकरी जाते, गाडीवर घाई केली तर गाडी. गाडीला नाही म्हणून कळवतो. डॅडना काय, गुडघा दुखतो म्हणून सांगू."

"एका घरात एकच गुडघा पुरे," जॅनेट म्हणाली.

जॅनेट बस चालवते. गाडी थांबल्याशिवाय उठू नका, हे वाक्य ती दिवसभर लोकांना ऐकवते आणि लोक दिवसभर उठतात. रविवारी तिने नवऱ्याला आपल्या बसमध्ये चढवलं. वुलिचहून निघायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. प्रत्येक थांब्यावर दाराशी उभं राहायचं, पण बस पुरती थांबल्याशिवाय पाय हलवायचा नाही. आरशातून तिची नजर.

पहिली फेरी छान झाली. क्लाइवचा जीव भांड्यात पडला. परत फिरण्याआधी त्याने शेवटच्या थांब्याजवळच्या दुकानातून बटाट्यांची पिशवी घेतली, आणि पुढच्या थांब्याला बस हळू होताच त्याचा पाय पायरीवर.

"मागे!" जॅनेट ओरडली. सगळी बस मागे सरकली.

"काय झालं मला कळत नाही गं. मघाशी जमत होतं."

"मघाशी पिशवी नव्हती. डाव्या हातात घे बघू ती."

डाव्या हातात पिशवी घेतली तर पाय जागेवर. उजव्या हातात घेतली की पाय निघालाच. एक म्हातारी चार थांबे हा खेळ बघत होती. ती जॅनेटला म्हणाली, "डॉक्टरला दाखवलंस का याला?"

"याचा इलाज मिळाला, आजी," जॅनेट म्हणाली. मग क्लाइवला म्हणाली, "तुझे पाय तुझं ऐकत नाहीत रे, तुझ्या उजव्या हाताचं ऐकतात. उजव्या हातात काही आलं की त्यांना वाटतं दोर आला. बोटीवर दोर उजव्यात धर आणि खुशाल उतर. गाडीवर डाव्या हाताने धर. झालं."

इतकी साधी गोष्ट होती. क्लाइव बटाटे मांडीवर घेऊन बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं.

सोमवारी त्याने सोबतच्या नावाड्याशी बाजू बदलून घेतली, पट्टा डाव्या हातात धरला आणि पाय हलला नाही. चॅलनर फक्त "हं" म्हणाले. बोलावून ठेवलेला माणूस कॉफी पिऊन घरी गेला. दुपारी टगवर क्लाइव पूर्वीसारखा वेळेवर उतरला, आणि बेव्हर्लीने वरूनच अंगठा दाखवून रजा मंजूर केली. फक्त एक अट घातली. पार्लमेंटच्या दिवशीही संध्याकाळच्या ओहोटीला त्याने टगवर हजर व्हायचं.

पार्लमेंट उघडायच्या आदल्या दिवशी त्याने बापाला फोन केला. तालमीतली फजिती सांगितली नाही.

"उद्या टीव्ही लावायला सांगा हां, डॅड. मुकुटाच्या गाडीमागे, डावीकडे आहे मी."

"बुटाचे तळवे खरवडून घे," म्हातारा म्हणाला. "पायरी गुळगुळीत असते." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी पाहण्यासारखं क्लाइवला काहीच दिसलं नाही. गाडीची रंगवलेली पाठ, पुढच्या माणसाच्या टोपीचा काठ, घोड्यांचा वास. आत मुकुट होता म्हणे. रस्त्याच्या कडेला माणसं होती, बँड वाजत होता, आणि क्लाइव फक्त आपल्या दोन हातांकडे लक्ष ठेवून होता. कमान आली. घोडे हळू झाले. दगडावर चाकांचा आवाज बदलला आणि त्याच्या उजव्या टाचेखाली ती जुनी वळवळ उठली. सगळं अंग म्हणत होतं, आता, आता गेली बोट. त्याने डाव्या हाताची मूठ घट्ट केली आणि उजवा हात मांडीवर दाबून धरला. गाडी थांबली. घोड्यांनी मान हलवली. तरीही त्याने आणखी एक श्वास जाऊ दिला आणि मग उतरला. त्याला इतका आनंद झाला की तिथेच मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण ओरडायची पद्धत नव्हती, म्हणून तो सरळ उभा राहिला.

लाल कोट परत करून, साध्या कपड्यांत, हातात मासा आणि चिप्सचं पार्सल घेऊन तो ग्रेव्ह्‌सएंडला पोचला तेव्हा म्हातारा खिडकीशी बसला होता. टीव्ही बंद होता.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग?"

"उतरायला उशीर केलास," हॉरेस म्हणाला. "बोट गेली असती."

क्लाइव हसला. "बोट नव्हती ती, डॅड. तिथे थांबायचं असतं."

"माहीत आहे मला." म्हाताऱ्याने पार्सल उघडलं, एक चिप उचलली आणि तशीच हातात धरून ठेवली. "मी उतरलो होतो."

"कुठे?"

"तालमीत. तू अजून शाळेत जात नव्हतास. चाकं फिरत होती आणि मी खाली. हातसुद्धा फिरवला मी, खुंटा शोधत. सगळे हसले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, येऊ नका म्हणून." तो खिडकीबाहेर नदीकडे बघत होता. "गुडघा चांगला होता माझा. तुझ्या आईलासुद्धा गुडघा धरला म्हणूनच सांगितलं मी. ती गेली तरी तेच."

इतकी वर्षं बापाच्या ज्या गुडघ्याला घर जपत आलं, तो गुडघा ठणठणीत होता.

"मला का नाही सांगितलंत? मला गाडी मिळाली तेव्हा तरी?"

"काय सांगणार? उतरू नको म्हणून? दोराने मारून तेच तर शिकवलं होतं मी तुला." म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "काल फोन ठेवला आणि रात्रभर वाटत होतं, हा पण उतरणार, आणि ते माझ्यामुळे."

क्लाइवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पर्किसांच्या घरात असं फारसं कुणी करत नाही. म्हाताऱ्याने हात झटकला नाही.

जेवणाची घंटा झाली. क्लाइवलाही ओहोटी गाठायची होती. त्याने बापाची खुर्ची ढकलत जेवणघरात नेली. आश्रमातल्या मदतनीस बायकांची हॉरेसबद्दल एकच तक्रार असते. खुर्ची थांबायच्या आत हा पाय खाली टाकतो, कधीतरी पडेल. क्लाइवही दर खेपेला त्याला त्यावरून रागे भरायचा. टेबल जवळ आलं आणि नेहमीप्रमाणे म्हाताऱ्याचा उजवा पाय जमिनीकडे निघाला.

क्लाइवने खुर्ची अगदी हळू केली, पण थांबवली नाही, आणि बापाला आधी उतरू दिलं.